सार्वजनिक आरोग्यशिक्षण आणि जनरेटिव्ह कृत्रिम बुद्धिमत्ता : जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील सर्पदंशाच्या प्रश्नाच्या संदर्भात

सारांश :

मागितल्याबरोबर नवा मजकूर तयार करून देणारी जनरेटिव्ह कृत्रिम बुद्धिमत्ता आज आरोग्यशिक्षणात आणि आरोग्यसेवेत वेगाने शिरत आहे. पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत नेहमी आढळणारा सर्पदंशाचा प्रश्न समोर ठेवून या बदलाचे स्वरूप प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे. यंत्राचे उत्तर अस्खलित असले तरी ते त्या स्थळाला, त्या बोलीला आणि त्या रुग्णाला लागू पडेलच असे नाही. म्हणून माहिती पुरविण्यापेक्षा माहिती पडताळणे आणि स्थानिक ज्ञान संकलित करणे हे आरोग्यशिक्षणाचे मुख्य कार्य ठरते, अशी मांडणी येथे केली आहे.

बीजशब्द : जनरेटिव्ह कृत्रिम बुद्धिमत्ता, सार्वजनिक आरोग्य, सर्पदंश, आशा स्वयंसेविका, बोलीभाषा, स्थानिक ज्ञान.

प्रास्ताविक :

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची चर्चा प्रयोगशाळेतून घराघरांत पोहोचली. आरोग्याविषयी शंका असलेला मनुष्य पूर्वी शेजाऱ्याला, वैदूला, औषधाच्या दुकानदाराला किंवा डॉक्टरांना विचारीत असे. आता तो हातातील मोबाईललाही विचारतो. विद्यार्थी प्रकल्पाचा मजकूर, शिक्षक प्रश्नपत्रिकेचा आराखडा आणि आरोग्य कर्मचारी जनजागृतीचे पत्रक याच साधनाकडून तयार करून घेऊ लागले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने या प्रकारच्या प्रणालींविषयी जानेवारी २०२४ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शन प्रसिद्ध केले. निदान व उपचार, रुग्णाने स्वतः केलेला वापर, कार्यालयीन लेखन, वैद्यकीय व परिचर्या शिक्षण आणि संशोधन अशी वापराची पाच क्षेत्रे त्यात सांगितली आहेत. म्हणजेच हा बदल केवळ शहरी रुग्णालयांपुरता राहिलेला नाही.

तथापि तंत्रज्ञानाविषयी सर्वसाधारण विधाने करण्यापेक्षा एखाद्या विशिष्ट प्रदेशातील एखादा विशिष्ट प्रश्न घेऊन त्याचा विचार करणे अधिक उपयुक्त ठरते. त्या दृष्टीने प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) जनरेटिव्ह कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कार्यपद्धतीचा परिचय करून देणे.
२) सर्पदंशाच्या उदाहरणातून तिचे सामर्थ्य व मर्यादा स्पष्ट करणे.
३) आरोग्यशिक्षणात होणारा बदल आणि ग्रामीण महाविद्यालयांची भूमिका विशद करणे.

जनरेटिव्ह कृत्रिम बुद्धिमत्तेचे स्वरूप :

या प्रणालीला प्रचंड प्रमाणात लिखित मजकूर पुरविलेला असतो. कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येण्याची शक्यता अधिक, हे ती त्यातून शिकते आणि विचारलेल्या प्रश्नाला अनुसरून वाक्ये रचते. तिची भाषा म्हणूनच ओघवती असते. परंतु वाक्य ओघवते असणे आणि ते सत्य असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. आधार नसलेली माहितीही ती तितक्याच ठामपणे सांगू शकते. माणूस अडखळला की ऐकणाऱ्याला त्याच्या अज्ञानाची सूचना मिळते. यंत्र बहुधा अडखळत नाही.

दुसरी बाब भाषेची. इंग्रजीच्या तुलनेत मराठीतील संगणकीय मजकूर फारच थोडा आहे आणि त्यातही बोलींचा वाटा नगण्य आहे. केंद्र शासनाने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘भाषिणी’सारख्या उपक्रमांमुळे भारतीय भाषांतील अनुवाद आणि ध्वनीवरून लेखन सुकर होत आहे. तरीही प्रमाण मराठी समजणे आणि पश्चिम घाटातील वाडीवस्तीवरची बोली समजणे यांत मोठे अंतर आहे.

यावर एक उपाय म्हणजे प्रणालीला मोकळे न सोडता तज्ज्ञांनी तपासलेल्या ठरावीक कागदपत्रांतूनच उत्तर शोधावयास लावणे. या पद्धतीत उत्तराचा दर्जा त्या कागदपत्रांच्या दर्जावर मोठ्या प्रमाणात अवलंबून राहतो. ही कागदपत्रे कोणी, कोणत्या भाषेत आणि कोणत्या प्रदेशासाठी तयार करावयाची, हा प्रश्न त्यामुळे तांत्रिक न राहता शैक्षणिक होतो.

जुन्नर व आंबेगाव : प्रदेशाची आरोग्यविषयक पार्श्वभूमी :

या दोन्ही तालुक्यांचे स्थूलमानाने दोन भाग पडतात. पश्चिमेकडे नाणेघाट ते भीमाशंकर हा अतिपावसाचा डोंगरी पट्टा आहे. तेथे महादेव कोळी, ठाकर, कातकरी या आदिवासी समाजांच्या विखुरलेल्या वाड्या आहेत. भातशेती व हिरडा गोळा करणे हे तेथील उपजीविकेचे साधन आहे. पूर्वेकडे कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या खोऱ्यांत माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे या धरणांच्या पाण्यावर ऊस, टोमॅटो, कांदा व द्राक्षे पिकतात. शेतीपंपांची वीज अनेक वर्षे आलटून-पालटून रात्रीच्या पाळीने मिळत आल्याने शेतकऱ्याला अंधारात पाणी धरावे लागते. साखर कारखान्यांच्या हंगामात बाहेरून आलेले ऊसतोड कामगार शेताच्या कडेला कोपी घालून जमिनीवर झोपतात. भातखाचर, ऊस, रात्रीचे दारे धरणे आणि जमिनीवरची झोप ही सर्व सर्पदंशाची स्थाने आहेत.

उपचाराची सोय मात्र मुख्यतः पूर्व भागात एकवटलेली आहे. मंचरचे उपजिल्हा रुग्णालय आणि नारायणगाव, जुन्नर व घोडेगाव येथील ग्रामीण रुग्णालये ही डोंगरी वाड्यांपासून दूर पडतात. संपर्काचीही तीच स्थिती आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले जाऊन १५१ जणांचा मृत्यू झाला. तेव्हा त्या दुर्घटनेची वार्ता बाहेर पोहोचली ती एसटी बसच्या चालकामुळे. पावसाळ्यात रस्ता आणि संपर्क दोन्ही तुटू शकतात, हे या प्रदेशासाठी कोणतीही आरोग्य योजना आखताना विसरता येत नाही.

सर्पदंश हा भारतातील दुर्लक्षित परंतु मोठा आरोग्य प्रश्न आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख, म्हणजे दरवर्षी सरासरी ५८,००० मृत्यू झाले. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवून केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. जुन्नर परिसरात या प्रश्नावरील कामाची स्वतंत्र परंपरा आहे. नारायणगाव येथील डॉ. सदानंद राऊत व डॉ. पल्लवी राऊत यांनी अनेक वर्षे सर्पदंशाच्या रुग्णांवर उपचार करण्याबरोबरच शाळा व गावांतून प्रबोधन केले आहे. स्थानिक अनुभवाचा हा साठा पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरतो.

सर्पदंशाच्या प्रश्नातून यंत्राची कसोटी :

अ) बोलीचा प्रश्न : ग्रामीण भागात, विशेषतः रात्रीच्या वेळी, सापाचे नाव घेणे टाळतात. ‘पान लागले’, ‘जनावर चावले’, ‘लांबडं डसलं’ असे शब्दप्रयोग होतात. ‘जनावर चावले’ याचा शब्दशः अर्थ घेतल्यास उत्तर कुत्र्याच्या चाव्याचे आणि रेबीजच्या लसीचे येऊ शकते; ‘पान लागले’ याचा तर बोध होणेच कठीण. वाडीवरील आशा स्वयंसेविकेला हे शब्द शिकवावे लागत नाहीत, कारण ती त्याच भाषेत वाढलेली असते.

आ) न सांगितलेल्या दंशाचा प्रश्न : मण्यार प्रायः रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंशाची वेदना व सूज बहुधा नसते. पहाटे पोटात दुखणे, घसा दुखणे, उलटी, पापण्या जड होणे अशी लक्षणे दिसू लागतात. साप चावला हे रुग्णालाच ठाऊक नसल्याने तो विचारतो ते केवळ पोटदुखीविषयी. अशा प्रश्नाला आम्लपित्ताचे उत्तर मिळाले, तर पुढे श्वसनाचे स्नायू लुळे पडेपर्यंतचा मोलाचा वेळ निघून जातो. अनुभवी कर्मचारी मात्र ‘रात्री खाली झोपला होतात का?’ असे विचारतो. योग्य उत्तराआधी योग्य प्रतिप्रश्न लागतो, आणि तो प्रदेशाच्या जाणिवेतून येतो.

इ) प्रथमोपचाराचा प्रश्न : दंशाच्या वर घट्ट बांधणे, जखमेवर चीर देणे, विष चोखून काढणे हे उपाय जुन्या पुस्तकांत सर्रास आढळतात. आज ते घातक मानले जातात. ऑस्ट्रेलियात संपूर्ण अवयवावर दाब देणारी पट्टी बांधण्याची पद्धत शिकविली जाते. ती तेथील सापांच्या विषाचा विचार करून ठरलेली आहे. भारतात घोणस व फुरसे यांच्या दंशात चाव्याच्या जागीच ऊतींची हानी होते. म्हणून रुग्णाला धीर देणे, अवयव हलू न देणे, तातडीने रुग्णालयात नेणे आणि लक्षणांतील बदल डॉक्टरांना सांगणे यांवरच भारतीय मार्गदर्शक सूचनांचा भर आहे. जुन्या पुस्तकाचा, परदेशी पत्रकाचा आणि भारतीय सूचनांचा मजकूर यंत्रासमोर एकत्रच आलेला असतो. त्यांतील कोणता नारायणगावच्या शिवारात लागू आहे, ही निवड आपोआप होत नाही.

ई) मात्रेचा प्रश्न : बहुतेक औषधांची मात्रा मुलांसाठी वजनानुसार कमी केली जाते. प्रतिविषाला हा नियम लागू नाही. साप मूल पाहून विष कमी सोडीत नाही, म्हणून मुलालाही प्रौढाइतकेच प्रतिविष द्यावे लागते. सर्वसाधारण नियमावरून उत्तर काढणारी प्रणाली येथे फसू शकते. रक्त गोठण्याची वीस मिनिटांची साधी चाचणीही काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीतच करावी लागते. प्लास्टिकच्या नळीत तिचा निकाल भरवशाचा राहत नाही. उत्तरातून असा बारकावा गळला, तर उर्वरित उत्तर बरोबर असूनही निरुपयोगी ठरते.

उ) छायाचित्राचा प्रश्न : आता यंत्राला छायाचित्र दाखवून सापाची जात विचारता येते. परंतु बिनविषारी कवड्या मण्यारसारखा आणि बिनविषारी डुरक्या घोणस घोणसासारखा दिसतो. छायाचित्रासाठी सापाच्या मागे लागणे धोक्याचे, आणि ‘बिनविषारी’ असे चुकीचे उत्तर त्याहून धोक्याचे. शिवाय भारतातील बहुसंयोजी प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारच जातींच्या विषावर तयार होते. सह्याद्रीच्या जंगलात आढळणारा चापडा त्यात येत नाही.

या प्रतिविषाचीच एक मर्यादा प्रस्तुत विषयावर प्रकाश टाकते. त्यासाठी लागणारे विष दीर्घकाळ मुख्यतः तामिळनाडूतील इरुळा सर्पपकड सहकारी संस्थेकडून येत आले आहे. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक भिन्न असते. त्यामुळे एका प्रदेशातील विषावर बनलेले प्रतिविष दुसरीकडे तितके प्रभावी ठरत नाही, असे संशोधकांनी दाखवून दिले आहे. ज्ञानाचेही असेच आहे. दुसऱ्या प्रदेशाच्या मजकुरावर शिकलेली प्रणाली या प्रदेशात कमी उपयोगी पडू शकते.

आरोग्यसेवेच्या व्यवहारातील बदल :

वरील मर्यादांवरून हे तंत्रज्ञान त्याज्य आहे, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. राजस्थानातील उदयपूर परिसरात ‘खुशी बेबी’ या संस्थेने मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या साहाय्याने २०२४ मध्ये ‘आशाबॉट’ हा उपक्रम आशा स्वयंसेविकांसाठी सुरू केला. स्वयंसेविका व्हॉट्सॲपवर लिहून किंवा बोलून प्रश्न विचारते आणि प्रणाली तपासलेल्या कागदपत्रांच्या आधारे उत्तर देते. आधार न सापडल्यास प्रश्न अनेक एएनएम भगिनींकडे जातो. त्यांच्या उत्तरांतील एकमतावरून उत्तर तयार होते. संकोचापोटी वरिष्ठांना न विचारले जाणारे प्रश्नही अशा साधनाला विचारता येतात, हा त्याचा विशेष लाभ आहे.

केनियातील नैरोबी येथे पेंडा हेल्थच्या १५ दवाखान्यांत ओपनएआयच्या सहकार्याने झालेला, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यासही लक्षणीय आहे. ३९,८४९ रुग्णभेटींच्या या अभ्यासात यंत्राची सूचना मिळणाऱ्या चिकित्सकांच्या निदानातील चुका १६ टक्क्यांनी व उपचारातील चुका १३ टक्क्यांनी कमी आढळल्या. तेथे निर्णय चिकित्सकाचाच होता. यंत्राचे काम संभाव्य चूक दाखवून देण्यापुरते होते. तसेच कर्मचाऱ्यांना त्याचा वापर प्रत्यक्ष शिकविण्यात आला होता. हा अभ्यास प्रणाली बनविणाऱ्या कंपनीच्या सहभागाने झाला, हेही ध्यानात ठेवावे लागते.

जुन्नर-आंबेगावच्या संदर्भात तातडीने शक्य असलेले उपयोग साधे आहेत : आशांच्या नोंदींचा मसुदा तयार करणे, शासकीय परिपत्रकांचे सोप्या मराठीत रूपांतर करणे, पावसाळ्यापूर्वीच्या जनजागृतीसाठी ध्वनिसंदेश लिहिणे, रुग्णाला पुढे पाठविताना द्यावयाच्या चिठ्ठीचा नमुना भरणे. मात्र आज कोणत्या रुग्णालयात प्रतिविष शिल्लक आहे, कोठे कृत्रिम श्वसनयंत्र चालू आहे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका कोठवर येऊ शकते, ही माहिती कोणत्याही भाषिक प्रणालीच्या पोटात नसते. ती रोज कोणीतरी भरावी लागते. सर्पदंशात जीव वाचविणारी माहिती बहुधा हीच असते.

आरोग्यशिक्षणातील बदल :

आतापर्यंत आरोग्यशिक्षणात माहितीचे पाठांतर व पुनर्लेखन यांना मोठे स्थान होते. ‘सर्पदंशाचे प्रथमोपचार लिहा’ या प्रश्नाचे उत्तर आता यंत्र काही क्षणांत लिहून देते. अशा प्रश्नावरून विद्यार्थ्याची समज मोजता येणार नाही. त्याऐवजी यंत्राने दिलेले उत्तर विद्यार्थ्यापुढे ठेवून त्यातील चूक, कालबाह्य भाग आणि स्थानिक परिस्थितीला न जुळणारा भाग शोधण्यास सांगणे अधिक अर्थपूर्ण ठरेल. आभासी रुग्णाशी मराठीतून संवाद साधून प्रतिप्रश्न विचारण्याचा सराव करणे, हाही एक चांगला उपयोग आहे. वैद्यकीय अभ्यासक्रमात २०२१-२२ च्या तुकडीपासून कुटुंब दत्तक उपक्रम समाविष्ट झाला आहे. त्यातील गृहभेटींचे महत्त्व या काळात कमी न होता वाढते, कारण गृहभेटीत जे दिसते ते कोठेही लिहिलेले नसते.

महाराष्ट्रातील एक उदाहरण येथे विशेष बोधप्रद आहे. रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांची तासातासाची निरीक्षणे नोंदविली. हृदयावर होणाऱ्या परिणामांवर प्राझोसिन या औषधाचा उपयोग होतो, हे त्यांनी दाखवून दिले आणि १९८६ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यापूर्वीच्या ग्रंथांवर शिकलेले एखादे यंत्र १९८० मध्ये असते, तर त्याने त्या ग्रंथांतीलच उपाय सुबक भाषेत सांगितले असते. नवे ज्ञान रुग्णाच्या उशाशी बसून केलेल्या नोंदीतून आले. लिहिलेले सर्व वाचणारे यंत्र उपलब्ध असताना, अजून न लिहिलेले पाहण्याची सवय विद्यार्थ्याला लावणे हे शिक्षकाचे कार्य आहे.

ग्रामीण महाविद्यालयांची भूमिका :

जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव येथे उच्च शिक्षण घेणारे विद्यार्थी याच गावांतून व वाड्यांतून येतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प व समाजसंपर्क यांचा समावेश झाला आहे. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे तर पूर्वीपासूनच चालत आली आहेत. या चौकटीत विविध विद्याशाखांना एकत्र येऊन पुढील कामे करता येतील :

१) मराठी विभागाने आजार, शरीरावयव, वेदना व विषारी प्राणी यांविषयीच्या बोलीतील शब्दांचा संग्रह करणे.
२) प्राणिशास्त्र विभागाने परिसरातील सापांची सचित्र व तपासलेली सूची तयार करणे.
३) भूगोल विभागाने वाडी ते उपचारकेंद्र या मार्गांचे पावसाळी व उन्हाळी नकाशे करणे.
४) संगणकशास्त्र विभागाने ही सामग्री प्रणालीला पुरविण्याजोग्या स्वरूपात ठेवणे आणि मिळणारी उत्तरे ठरावीक काळाने तपासणे.
५) समाजशास्त्र व अर्थशास्त्र विभागांनी उपचारास उशीर का होतो, याचा अभ्यास करणे.

वैद्यकीय मजकुराची अंतिम तपासणी मात्र डॉक्टर व आरोग्य विभाग यांच्याकडूनच व्हावयास हवी. तसेच रुग्णाचे नाव, गाव, छायाचित्र अशी माहिती कोणत्याही सार्वजनिक प्रणालीत भरता कामा नये. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे आणि वैद्यकीय संशोधनातील कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या नैतिक मार्गदर्शक सूचनाही त्याच वर्षी आल्या आहेत. विद्यार्थ्यांकडून क्षेत्रकार्य करून घेणाऱ्या शिक्षकांना या दोहोंचा परिचय असणे अगत्याचे आहे.

उत्तरदायित्वाचा प्रश्नही येथेच उपस्थित होतो. चुकीचा सल्ला देणाऱ्या माणसाला जाब विचारता येतो. यंत्राच्या सल्ल्यावर आशा स्वयंसेविका वागली आणि रुग्ण दगावला, तर रोष तिच्यावरच येईल. तुटपुंज्या मोबदल्यावर काम करणाऱ्या या स्त्रीच्या हाती साधन देताना त्याच्या चुकीचा भार कोणी वाहावयाचा, हे संस्थेने आधी लेखी ठरविणे न्यायाचे होईल.

निष्कर्ष :

१) जनरेटिव्ह कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे आरोग्यविषयक माहिती सुलभ झाली असली, तरी तिची स्थानिक योग्यता स्वतंत्रपणे तपासावी लागते.
२) सर्पदंशासारख्या प्रश्नात बोली, प्रतिप्रश्न, उपचारातील अपवाद आणि त्या दिवशीची उपलब्धता या चार ठिकाणी चुकीची शक्यता अधिक आहे.
३) तपासलेल्या मजकुरावर आधारलेली आणि अडल्यास माणसाकडे प्रश्न सोपविणारी रचना ग्रामीण भागासाठी अधिक सुरक्षित आहे.
४) अध्यापन व मूल्यमापन यांचा भर पाठांतराकडून पडताळणी व निरीक्षणाकडे वळणे आवश्यक आहे.
५) स्थानिक ज्ञानाचे संकलन हे ग्रामीण महाविद्यालयांचे या क्षेत्रातील विशेष योगदान ठरू शकते.

समारोप :

जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात रात्री कोणाला पान लागले, तर त्याच्यापाशी वेळ थोडा असतो. त्या वेळात मोबाईलवरील उत्तर उपयोगी पडावयाचे असेल, तर त्यामागे त्या वाडीची भाषा, तेथील साप, तेथील रस्ता आणि जवळच्या रुग्णालयातील साठा यांची खरी माहिती असली पाहिजे. ती गोळा करणे, तपासणे आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी अद्ययावत करणे हे काम यंत्र स्वतःहून करणार नाही. ते या परिसरातील डॉक्टर, आशा स्वयंसेविका, शिक्षक आणि विद्यार्थी यांनाच करावे लागेल.